आढीतल्या चिरबोट्या

आईला दिवस गेलेत हे कळलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आनंद वगैरे काही झाला नाही, लाज वाटली. पीयूसीचं दुसरं वर्ष, म्हणजे आपली बारावी, कॉलेजात नुकत्याच जमलेल्या मैत्रिणी, आणि इकडे एकोणचाळिसाव्या वर्षी माझी आई सकाळी मोरीशी ओणवी होऊन ओकाऱ्या काढतेय. कुणाला कसं सांगायचं, आणि नाही सांगितलं तर पोट दिसायला लागल्यावर काय, या विचाराने माझी झोप उडाली होती. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढे निघून आले आहे, आणि त्या सतरा वर्षांच्या मुलीला दोन मुस्कटात द्याव्यात असं मला अधूनमधून वाटतं. पण तिला वगळून हे प्रकरण लिहिता येत नाही.

आम्ही बंगळुरात, राजाजीनगरात एका वठारात राहायचो. वठार म्हणजे आपल्या चाळीची बैठी बहीण. एका फाटकाच्या आत ओळीने पाच बिऱ्हाडं, समोर लांबट अंगण, अंगणाच्या टोकाला एक नळ आणि त्याच्या शेजारी कपडे धुवायचा मोठा काळा दगड. पुढच्या घरात मालकीणबाई राहायच्या. त्यांचं नाव गौरम्मा, पण पाचही बिऱ्हाडं त्यांना अक्काच म्हणत. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या आणि आवाज असा की फाटकातून बोलल्या तर शेवटच्या घरातल्या दुधाला उतू जायची भीती वाटावी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. भाडेकरूंची पोरं हीच त्यांची पोरं, आणि त्यांच्यावर ओरडणं हा त्यांचा हक्क. बाबांची सरकारी कारखान्यातली नोकरी इथे लागली तेव्हा मी पाच वर्षांची होते. आईला कानडीतलं एक अक्षर येत नव्हतं आणि अक्कांना मराठीतलं. तरी दुसऱ्याच दिवशी अक्कांनी स्टीलच्या डब्यातून हुळी, म्हणजे त्यांचं सांबार, आणून दिली, आणि डबा रिकामा कसा परत करायचा म्हणून आईने त्यात आमटी घालून पाठवली. ते डबे पुढे बारा वर्षं भरलेलेच ये-जा करत राहिले.

सकाळी सगळ्यांत आधी अक्कांचा ग्राइंडर सुरू व्हायचा. भिंत एकच असल्यामुळे तो आमच्या उशीखालीच फिरतोय असं वाटायचं. मग कारखान्याची बस गाठायला निघालेल्या बाबांच्या बुटांची घाई, मग 'सोप्पूऽऽ' अशी लांब हाक मारत पालेभाजीवाली. आई भाकरी थापायला बसली की समोरच्या बिऱ्हाडातली बाई ती बघायला दारात येऊन उभी राहायची, कारण त्यांच्याकडे नाचणीचे गोळे व्हायचे आणि हातावर भाकरी एवढी मोठी होते यावर तिचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

वठाराला लागून एक मोकळी साइट होती. बंगळुरात रिकाम्या प्लॉटला साइट म्हणतात, आणि तेव्हा प्रत्येक गल्लीत अशा दोन-तीन असायच्याच. पावसानंतर तिथे गुडघाभर रान माजायचं. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात आई मला घेऊन फाटकाबाहेर उभी होती, अनोळखी गावात नवी आलेली बाई उभी असते तशी, कुठे बघावं ते न कळून. आणि एकदम ओरडली, "अगं, चिरबोटी!" साडीचा ओचा सावरत ती थेट त्या रानात घुसली. आईचं माहेर बार्शीकडचं. तिथे ज्वारीच्या-तुरीच्या शेतात बांधाबांधाने ही झाडं उगवतात. कुणी फोपटी म्हणतं, कुणी आणखी काही. इथे तिला बुड्डे हण्णू म्हणतात हे आम्हाला मागाहून कळलं. झुडूप वीतभर-हातभर, पानं मिरचीसारखी, आणि पानांच्या खाली लपून लोंबणारे कागदी कंदील. प्रत्येक कंदिलात एक गोल फळ, बोरापेक्षा लहान, जरा चिकट. पिकलं की पिवळं होतं. टोमॅटो, वांगं यांच्याच भावकीतलं, पण चव त्या दोघांनाही नाही अशी. आधी गोड, मग आंबट, मग परत कुठेतरी गोड. आईने एक रिकामं सालपट फुगीर राहील असं चिमटीत धरलं आणि माझ्या कपाळावर आपटलं. फट्! मी दचकले आणि ती हसत सुटली. या शहरात ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा, असं बाबा सांगायचे.

त्यानंतर दर वर्षी पाऊस संपत आला की आम्ही दोघी साइटवर जायचो. वठारातली सगळी पोरं असायची. कपाळं लाल होईपर्यंत फटफटाट चालायचा. दहावी झाल्यावर मी ते बंद केलं. कॉलेजात जाणाऱ्या मुली रानात शिरून गवतातली फळं खात नाहीत, असा माझा समज झाला होता.

तर आईला दिवस गेले आणि डोहाळे लागले. लागले तेही कसले! भाकरीचा वास नको, फोडणीचा नको, कॉफी तर समोरसुद्धा नको. खायचं काय, तर चिरबोट्या. बाबांनी मार्केट पालथं घातलं. कुणीतरी द्राक्षं खपवली, कुणीतरी रायआवळे. आत्याचं पत्र आलं, डोहाळे पुरवा हो, नाहीतर पोराची लाळ गळते. त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता, त्यामुळे साइटवरच्या झाडांना कंदील धरले होते, पण सगळे हिरवेगार. आई रोज संध्याकाळी भिंतीशी जाऊन डोकावून यायची आणि हात हलवत परत यायची.

मला हे सगळं दुरूनच कळत होतं, कारण मी आईशी बोलत नव्हते. झालं असं की एका रविवारी माझी मैत्रीण येणार होती आणि आई म्हणाली, मी सांगते ना तिला, त्यात काय लाजायचंय. मी फाडकन बोलले, "तुला नाही वाटत लाज, पण मला वाटते. या वयात शोभतं का हे?" आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. मग तिने एक खडा काढून बाजूला टाकला आणि पुढचे तांदूळ निवडायला घेतले. एवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. त्या दिवसापासून मी अबोला धरला. "बाबा, आईला सांगा मला डबा नको," असं तिच्या देखत बाबांना सांगायचे. बाबा बिचारे, "शालिनी, ती म्हणतेय डबा नको," असं चार फुटांवर बसलेल्या बायकोला कळवायचे. दोन महिने आमच्या घरात असा कारभार चालला.

एका संध्याकाळी आई धुण्याच्या दगडावर बसून अक्कांशी बोलत होती. तिची कानडी अजून लंगडतच चालायची. "अक्का, बेरे येनू बेडा," ती म्हणत होती, दुसरं काही नको. "ते एक फळ मिळालं की झालं. एकदा पोटभर खाल्लं की बघा, मी बरी होते." त्यावर अक्कांनी सांगितलं की साइटच्या मालकाने परवाची गुद्दली पूजा ठरवली आहे. गुद्दली म्हणजे कुदळ. घर बांधायच्या आधी कुदळीची पूजा करून पहिला घाव घालतात, आणि त्याच्या आदल्या दिवशी माणसं लावून रान साफ करतात. म्हणजे उद्याच. आई नुसतं "हं" म्हणाली. दाराआड पुस्तक घेऊन बसलेल्या मला तो "हं" ऐकू आला, आणि मी पुस्तक मिटून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला निघायच्या आधी मी साइटवर गेले. दोन माणसं कोयते घेऊन कडेची झुडपं तोडायला लागलीच होती. मी ओढणीची झोळी केली आणि दिसेल तो कंदील ओरबाडला. हिरवा, बारका, मोठा, सगळं. त्यांतला एक माणूस हसून म्हणाला, "काय् अम्मा, अदु," कच्चं आहे ते. मी म्हटलं, माहीत आहे मला. कारण माझ्या डोक्यात बेत तयार होता. आम्ही आंब्याची माणसं. कैऱ्या उतरवायच्या, गवतात आढी घालायची, आठवड्याने आंबे काढायचे, हे मी आजोळी डोळ्यांनी पाहिलेलं. आंब्याला जमतं ते एवढ्याशा चिरबोटीला का जमू नये? समोरच्या गल्लीत एक गवळी गाई ठेवायचा, त्याच्याकडून नाचणीचं काड मागून आणलं. कॉटखालच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात एक थर काड, एक थर कंदील, वर पोतं. कुणाला सांगितलं नाही. आईला तर नाहीच.

पाच दिवस मी तो डबा उघडून बघत होते. पाचव्या दिवशी सालपटं पिवळी पडली, वाळून पातळ झाली, हुबेहूब पिकल्यासारखी. मला कोण आनंद झाला! दुपारी कॉलेजातून आल्या आल्या मी खाली बसून ती सोलली. आतली फळं थोडी फिकी झाली होती, पण पिवळी म्हणावीत अशी नव्हती. स्वयंपाकघरात उजेड कमी आहे म्हणून तशी दिसत असतील, असं मी स्वतःलाच पटवलं. एक चाखून बघावी हे सुचलं नाही असं नाही. आईसाठी आणलेल्या वाटीतली आपण कशी खायची, असा एक भलताच उदात्त विचार आड आला.

आई खिडकीशी बसली होती. मी वाटी तिच्यासमोर धरली आणि म्हटलं, "आई, खा." तिने वाटीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मग वाटी घेतली. एक तोंडात टाकली, चावली, थोडी थांबली, आणि मग एकामागून एक सगळी वाटी संपवली. मी तिथेच उभी.

"कशा आहेत?"

"छान आहेत," आई म्हणाली. "कुठून आणल्यास गं?"

मी आढीची गोष्ट सांगितली. दोन महिन्यांचं साठलेलं सगळं बोलणं बाहेर पडलं. काडाचं, गवळ्याचं, कॉलेजातल्या सरांचं, काय वाटेल ते. ती ऐकत होती, मधे मधे पाणी पीत होती. त्या दिवशी ती फार पाणी प्यायली, हे मला पुढे आठवलं.

दिवेलागणीला तिला उलट्या सुरू झाल्या. नेहमीच्याच, असं ती म्हणाली. पण नेहमीच्या उलटीनंतर ती चूळ भरून कामाला लागायची. आता ती पोट धरून जमिनीवर वळली आणि तिचे ओठ पांढरे पडले. बाबा दुसऱ्या पाळीला गेले होते. मी धावत जाऊन अक्कांना हाक मारली. त्या आल्या, आईच्या कपाळाला, पोटाला हात लावला आणि विचारलं, "येनु तिंदे?" काय खाल्लंस?

"काही नाही अक्का. सकाळची आमटी असेल. शिळी."

अक्कांची नजर खोलीभर फिरली. कोपऱ्यात मी सोललेल्या सालपटांचा ढीग होता, आणि डब्यात थोडे कंदील उरले होते. त्यांनी एक उचलला, फोडला, आतल्या फळाला जिभेचं टोक लावलं आणि तिथेच थुंकल्या. "अय्यो! इदु काय्!" कच्चं आहे हे. मग माझ्याकडे बघितलं. बारा वर्षांत त्या माझ्यावर शेकडो वेळा ओरडल्या होत्या. त्या क्षणी ओरडल्या नाहीत. उरलेले कंदील पदराच्या टोकाला बांधले, रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवली, आणि आईला एका बाजूने मी, एका बाजूने त्या, असं धरून आम्ही निघालो.

नर्सिंग होम दोन गल्ल्या सोडून होतं. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, केसांत मोगऱ्याचा गजरा. त्यांनीही तेच विचारलं, काय खाल्लं? आणि माझ्या आईने, पोटात कळ येत असताना, डोळे मिटून तेच उत्तर दिलं. "शिळी आमटी."

मला आजही ती खोली जशीच्या तशी दिसते. भिंतीवरचं बाळाचं कॅलेंडर, टेबलावरची हिरवी काच. मला कळत होतं की आई मला पाठीशी घालतेय. आणि मी गप्प बसले तर ती मरेपर्यंत आमटीच म्हणत राहील, हेही कळत होतं. पाचवा महिना चालू होता. ते बाळ नको असं मी मनातल्या मनात किती वेळा म्हटलं होतं, ते सगळं एकदम आठवलं. "आमटी नाही," मी कानडीत म्हणाले. आवाज माझा वाटत नव्हता. "मी दिलं. बुड्डे हण्णू. कच्ची होती. वाटीभर. मी दिली, तिला माहीत नव्हतं."

अक्कांनी पदराची गाठ सोडून कंदील टेबलावर ठेवले. डॉक्टरीणबाईंनी एक उचलून उलटसुलट पाहिला. "धोतरा नाही ना कुठे मिसळला? हेच दिलंस? नक्की?" मी मान हलवली. त्यांनी सुस्कारा सोडला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे लहानपणी कपाळावर फोडलं नाही असं या गावात कुणी नसेल. पण कच्चं विषारी असतं, हे तुला कुणी सांगितलं नाही?" मला कुणी सांगितलं नव्हतं, हे खरं होतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं होतं.

आईला सलाइन लावली. तासाभराने डॉक्टरीणबाई एक छोटं यंत्र घेऊन आल्या आणि आईच्या पोटावर फिरवू लागल्या. नुसती खरखर. पुन्हा खरखर. अक्का दाराशी उभ्या राहून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. मी आईचे पाय धरून बसले होते आणि आयुष्यात कधी नव्हे इतकं मनापासून काहीतरी मागत होते. मग तो आवाज आला. जलद, एकसारखा, जरा दबलेला, भिंतीपलीकडून अक्कांचा ग्राइंडर ऐकू यावा तसा. "सरी इदे," बाई म्हणाल्या, ठीक आहे. अक्का मटकन स्टुलावर बसल्या. माझा जीव भांड्यात पडला आणि मी भोकाड पसरलं. आईने सलाइन नसलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. त्या खोलीत सगळ्यांत कमी घाबरलेली तीच होती.

दोन दिवसांनी ती घरी आली. बाबांनी मला एका शब्दाने दुखवलं नाही. फक्त तो पत्र्याचा डबा नेऊन भंगारवाल्याला दिला. अक्का मात्र माझी वाट बघत होत्या. पुढच्या रविवारी सकाळीच त्यांनी दार वाजवलं. "चल. पिशवी घे." कुठे, का, काही नाही. दोन बस बदलून, के. आर. पुरमच्या पुढे, व्हाइटफील्डच्या रस्त्याला आम्ही उतरलो. तिथून लाल मातीच्या वाटेने अर्धा तास चाल. दोन्ही बाजूंना नीलगिरीची झाडं आणि पुढे कापणीला आलेली नाचणी. ते अक्कांच्या धाकट्या बहिणीचं शेत होतं. बांधावर चिरबोटीची झाडं पसरली होती, पण अर्धी पिवळी पडून सुकत चाललेली. मी सवयीने फांदीला हात घातला. चापट बसली.

"बेडा! वर नाही. खाली बघ."

अक्का उकिडव्या बसल्या आणि म्हाताऱ्या बाईच्या लुगड्याची घडी उचलावी तशी त्यांनी ती झाडाची फांदी उचलली. खाली मातीवर कंदील पडले होते. वाळके, तपकिरी, काही नुसत्या जाळीसारखे झालेले. त्यांनी एक उचलून सोलला. आत सोन्यासारखं पिवळं, टपोरं फळ. "बिद्दिद्दु मात्र हण्णू," त्या म्हणाल्या. पडलेलं तेवढंच फळ. झाडावरचं सगळं कच्चं. सालीचा रंग बघायचा नाही, झाडाने सोडलंय का ते बघायचं. "तुम्ही आंबे उतरवता तसं हे उतरवायचं नसतं, कळलं? याला ओढायचं नाही. स्वल्प तडी. थांबायचं थोडं." मग बराच वेळ आम्ही दोघी मातीतून कंदील वेचत राहिलो. परत निघताना त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला मूल नाही झालं. तुझ्या आईला या वयात होतंय. लाजण्यासारखं काय आहे त्यात, मला सांग." त्यांना उत्तर नको होतं.

घरी पिशवी बघताच बाबा उठून उभे राहिले. "अहो अक्का, पुन्हा ती भानगड नको!" अक्कांनी त्यांच्यासमोर दोन फळं स्वतः खाल्ली, दोन त्यांना खायला लावली, आणि तासभर कुणाला काही होत नाही हे बघून मगच वाटी आईच्या हातात दिली. आईने पहिलं फळ तोंडात टाकलं आणि तिचे डोळे भरून आले. "बार्शीची," एवढंच ती म्हणाली. त्या दिवसापासून तिच्या उलट्या थांबल्या. डॉक्टर म्हणतील, पाचवा महिना संपला की थांबतातच. म्हणोत.

त्यानंतर चार रविवार मी आणि अक्का त्या शेतावर गेलो. फळं आईला, सालपटं मला. सातव्या महिन्यात अक्कांच्याच ओसरीवर डोहाळजेवण झालं. त्यांनी हिरव्या बांगड्या भरल्या, होळिगे म्हणजे पुरणपोळ्या केल्या, आणि फुलांच्या दागिन्यांऐवजी मी वाळक्या सालपटांचे दागिने ओवले. हार, बाजूबंद, कानातले. माझ्या कॉलेजातल्या तीन मैत्रिणींना मी स्वतः बोलावलं होतं. आई हलली की ते सगळं कुजबुजल्यासारखं वाजायचं. त्या दिवशीचा फोटो आमच्याकडे आहे. फोटोग्राफरला ते दागिने कसले ते कळलं नाही, त्याने विचारलं, "मेडम, हे पेपरचे आहेत का?"

माझी परीक्षा चार दिवसांवर आली असताना बहीण झाली. पाळण्यातलं नाव मृणाल, पण बाबांनी पहिल्या दिवसापासून तिला चिरू म्हटलं आणि तेच राहिलं. लाळ दीड वर्षं गळली, आत्याने कितीही काही लिहिलेलं असो. तिला न्हाऊमाखू अक्कांनीच घातलं, पायांवर पालथं घेऊन, मोठमोठ्याने ओरडत. अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. वठाराच्या जागी चार मजली इमारत आहे. पण मला आजही काही झटपट मिळवायची घाई झाली की बसलेली ती चापट आठवते. आयुष्यात मला शिकवायला पुष्कळ लोक आले, पैकी शिव्या न देता, बसचं तिकीट काढून, मातीत बसवून शिकवणारी ती एकटीच.

चिरू आता व्हाइटफील्डला एका मोठ्या कंपनीत आहे. नाचणीचं शेत नेमकं कुठे होतं ते मला दाखवता येत नाही, सगळीकडे काच आहे. गेल्या दिवाळीत ती ऑफिसातून येताना प्लॅस्टिकचा एक डबा घेऊन आली. आत सोललेली, धुतलेली, एकसारख्या आकाराची पिवळी फळं. चिरबोटीची मोठी बहीण, रसभरी. "बघ, तुझे डोहाळे आता दुकानात मिळतात," ती आईला म्हणाली. आई आता पंचाहत्तरीची आहे. तिने डबा डोळ्यांजवळ नेला. "सालपटं कुठे गेली?" म्हणाली. "मग फोडायचं काय?"

चिरू कपडे बदलायला आत गेली. मला काय वाटलं कोण जाणे, इतक्या वर्षांत जे कधी नीट म्हटलं नव्हतं ते मी म्हणाले. "आई, त्या कच्च्या फळांचं मी तुला कधी सॉरी म्हटलं नाही. मला खरंच वाटलं होतं की पिकली आहेत. आणि तुला तर कळलंच नाही."

"न कळायला काय झालं?" आई म्हणाली. "बार्शीची ना मी? पहिली तोंडात टाकली तेव्हाच कळलं. कडूजहर होती."

"मग खाल्लीस कशाला? सगळी वाटी?"

"इतकी बाधतील असं नव्हतं वाटलं. लहानपणी दोन-चार कच्ची खाल्लेली असतातच की." तिने डब्याचं झाकण उघडायचा प्रयत्न केला, ते उघडेना, मी उघडून दिलं. "आणि तू दोन महिन्यांनी समोर येऊन 'आई, खा' म्हणालीस. थुंकू कशी? थुंकले असते तर परत बोलली असतीस?"

तिने डब्यातली एक रसभरी उचलून माझ्या हातावर ठेवली. "खा."

भलतीच आंबट होती. मी तोंड वाकडं केलं नाही. "छान आहे," म्हणाले, आणि दुसरीसाठी हात पुढे केला.